जनरलची दाढ

मी स्पॅनिश शिकले ती केवळ जर्मनची सकाळची बॅच भरली होती म्हणून. पुण्यात तेव्हा आमच्या कॉलेजातली निम्मी मुलं जर्मनला आणि उरलेली जपानीला धावत होती. फॉर्म घेणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “स्पॅनिशला जागा आहे, घालू नाव?” मी मान हलवली. इतक्या फुटकळ कारणाने शिकलेली भाषा तीस वर्षांनी अशी गळ्याशी येणार आहे हे तेव्हा कळलं असतं, तर मी पुढच्या जर्मन बॅचची वाट पाहिली असती.

सिंगापूरला आल्यावर त्याच भाषेवर बँकेत नोकरी लागली. दक्षिण अमेरिकेतल्या ग्राहकांचे कागद माझ्याकडे येतात. दस्तऐवज खरा आहे का, नाव तेच आहे का, सही कुणाची, हे मी पाहते. एखादी ओळ नजरेतून सुटली की वरिष्ठ बोलावून घेतात. थोडक्यात, गेली अठरा वर्षं मी शब्द न् शब्द वाचण्याचाच पगार घेते आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते अडाणीपणाने केलं असं कुणी म्हणू नये.

आम्ही पासिर रिसला राहतो, दहाव्या मजल्यावर. संध्याकाळी समुद्राकाठच्या बागेत चालायला जायचा माझा नेम आहे. तिथे एकदा व्हीलचेअरवर बसलेल्या एक गोऱ्या वृद्ध बाई साळुंक्यांना स्पॅनिशमध्ये शिव्या देताना ऐकल्या. साळुंक्यांनी त्यांच्या मांडीवरचं बिस्किट पळवलं होतं. “निर्लज्ज! सगळ्या एकजात निर्लज्ज!” मी चालता चालता स्पॅनिशमध्येच म्हटलं, “इथल्या सगळ्याच अशा आहेत, बाई.” त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला, पण डोळे माझ्या कानापाशी कुठेतरी स्थिरावले. नजरेच्या मधोमध काळा डाग पडलाय, फक्त कडेकडेचं दिसतं, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

नव्वदी ओलांडून दोन वर्षं झाली होती त्यांना. मुलगा जुरोंग आयलंडवरच्या तेलकारखान्यात इंजिनियर. तो पहाटेच कंपनीच्या बसने जायचा, आणि दिवसभर सोबतीला असायची ती फिलिपिनो बाई, जिला स्पॅनिश येत नव्हतं. मी मग शनिवार-रविवार दुपारी चारला त्यांच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर जाऊ लागले. सुरुवातीला नुसत्या गप्पा. त्या मला ‘मुली’ म्हणायच्या, त्यांच्याकडे म्हणतात तसं. पन्नाशीत कुणी मुली म्हणणारं भेटलं की माणूस हरखतं. मीही हरखले.

महिन्याभराने त्यांनी मला कपाटातून एक वही काढायला लावली. जाड, काळ्या मेणकापडी पुठ्ठ्याची. त्यांचे वडील स्पेनच्या सैन्यात जनरल होते, आणि तिथल्या यादवी युद्धाच्या पहिल्या महिन्यांत ते रोज या वहीत लिहीत असत. वही इतकी वर्षं थोरल्या भावाकडे होती. तो गेला, वहिनीने कपाटं रिकामी केली आणि वही टपालाने इथे आली. तोवर बाईंचे डोळे गेले होते.

“मुलाला का नाही सांगत वाचायला?” मी विचारलं.

“तो आजोबांचा अभिमानी आहे,” त्या म्हणाल्या. “भावाची मुलं आजोबांचा तिरस्कार करतात. आमच्यात कुणीही वाचलं तरी आपल्या बाजूने वाचेल. तुझी बाजू नाही. म्हणून तू वाच.”

मला त्या वेळी हा मोठा सन्मान वाटला होता.

त्यांना वहीतून एकच गोष्ट हवी होती. त्यांचा एक मामा होता, आईचा धाकटा भाऊ, जनरलसाहेब ज्या गावच्या छावणीचे प्रमुख होते त्याच गावातला दंतवैद्य. माणूस सरकारच्या बाजूचा आणि सभांतून बोलणारा. सैन्याने सरकारविरुद्ध बंड केल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याला तुरुंगात टाकलं आणि महिन्याभरात गोळी घातली. पण घरात एक गोष्ट सांगितली जायची, की मरायच्या दोन दिवस आधी जनरलसाहेबांनी मेव्हण्याला तुरुंगातून आपल्या कचेरीत बोलावून घेतलं होतं. लष्करी गाडीत शिपायांमध्ये बसून जाताना त्याला अख्ख्या गावाने पाहिलं. कशासाठी बोलावलं, काय बोलणं झालं, कुणाला माहीत नाही. बाईंच्या आईने जन्मभर एवढंच धरून ठेवलं की नवऱ्याने प्रयत्न केला होता. त्या आधारावर तिने त्या माणसाबरोबर संसार केला.

“मला एवढंच कळायला हवंय,” बाई म्हणाल्या. “त्यांनी प्रयत्न केला का?”

आणि हे कळायला हवं असलेली आणखी एक व्यक्ती होती. मामाची मुलगी, म्हणजे बाईंची मामेबहीण, चौऱ्याण्णव वर्षांची. ती स्पेनमधल्या एका खेड्यात वृद्धाश्रमात होती. दर रविवारी संध्याकाळी पाचला, म्हणजे तिथल्या सकाळी, दोघींचा फोन व्हायचा. तो फोन मीच लावून द्यायचे. दोघींनाही कमी ऐकू येत असल्यामुळे त्या ओरडून बोलायच्या आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे.

जनरलसाहेबांचं अक्षर बारीक आणि ताठ होतं. वाचताना मला ते आवडू लागले, हेही कबूल करते. पहाटे पाचला उठणारे, घोड्याच्या खुराची चौकशी करणारे, बुटांबद्दल कायम कुरकुर करणारे गृहस्थ. निवडून आलेल्या सरकारविरुद्ध सैन्यातल्या बऱ्याच अधिकाऱ्यांनी बंड केलं तेव्हा आपण कुणाच्या बाजूने, हे प्रत्येक छावणीच्या प्रमुखाला दोन-तीन दिवसांत ठरवायचं होतं. पहिल्या दिवशी ते लिहितात, “दोन्हीकडून फोन येतात. दोघांनाही हो म्हटलं.” दुसऱ्या दिवशी, “दाढ रात्रभर ठणकत होती.” तिसऱ्या दिवशी त्यांनी चौकात फौज उभी करून लष्करी कायदा पुकारला, आणि त्या दिवसाबद्दल सगळ्यात लांब वाक्य बँड बेसूर वाजल्याचं आहे.

त्यांचा एक जुना मित्र कर्नल होता. दोघं आफ्रिकेतल्या लढायांत एका तंबूत राहिलेले. त्याने बंडात सामील व्हायला नकार दिला, म्हणून जनरलसाहेबांनी त्याला अटक केली. “त्याने तलवार माझ्या टेबलावर ठेवली. टेबलाला ओरखडा पडला.” बस, एवढंच. बाई म्हणाल्या, “ते टेबल नंतर आमच्या जेवणघरात होतं. त्या ओरखड्यावर आई फुलदाणी ठेवायची.”

पण त्याच वहीत हेही होतं: “छोटीला ताप. डॉक्टर बर्फ लावा म्हणतात. छावणीच्या स्वयंपाकघरातून मी स्वतः घेऊन गेलो. अर्धा रस्त्यातच वितळला.” हे वाचलं तेव्हा बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. “छोटी म्हणजे मी,” त्या म्हणाल्या. “पुन्हा वाच.” ते पान मी त्या दिवशी चार वेळा वाचलं.

मग तो शनिवार आला. पान उलटलं आणि सवयीने माझी नजर ओठांच्या दोन ओळी पुढे धावली. बँकेतली सवय.

वहीत होतं ते असं. “दाढ असह्य. मेव्हण्याला तुरुंगातून आणवलं, गावात दुसरा दंतवैद्य नाही. त्याची हत्यारं त्याच्या बायकोकडून मागवली. एका झटक्यात काढली. हात थरथरला नाही. आभार मानले. म्हणाला, दोन दिवस गरम काही पिऊ नका. परत पाठवला.”

खाली, दोन दिवसांनंतरचं: “यादी आली. त्याचं नाव आहे. सही केली. एकाला वगळलं तर उद्या दारात रांग लागेल. सासूबाई सकाळपासून कचेरीच्या जिन्यावर बसून आहेत, म्हणून मागच्या दाराने जेवायला गेलो. आधीच्या जागेने विहिरीचं पाणी बिघडेल असं डॉक्टर म्हणतात. यांना वीटभट्टीच्या मागे, बदामाच्या झाडांच्या तिसऱ्या ओळीपलीकडे पुरायला सांगितलं.”

इथून पुढे मला त्या माणसाला अहो-जाहो करणं जमत नाही.

बाई वाट पाहत होत्या. मान किंचित तिरकी, कारण कडेने मी त्यांना थोडी दिसायचे. ब्याण्णव वर्षांच्या त्या चेहऱ्यावर तीन वर्षांच्या मुलीची उत्सुकता होती. मी एक श्वास घेतला आणि वाचलं. म्हणजे, वाचल्यासारखं बोलले.

“मेव्हण्याला आणवलं. दार लावून घेतलं. पळून जा म्हटलं, घोडा देतो. तो म्हणाला, मी गेलो तर माझ्या बायकोला धरतील. परत पाठवला.” आणि मग, “वरून हुकूम आला. माझ्या हाती काही राहिलं नाही.”

छोटी छोटी वाक्यं, अगदी त्याच्याच धाटणीची. इतकी बेमालूम जमली की मला मनातल्या मनात जरा शाबासकीच द्यावीशी वाटली. खोटं बोलताना आपण हुशार ठरलो याचा आनंद माणसाला होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

बाई रडल्या. बराच वेळ, आवाज न करता. मग म्हणाल्या, “वही बंद कर, मुली. मला हवं होतं ते मिळालं.” आतल्या खोलीतल्या खणातून त्यांनी वडिलांचा गणवेशातला फोटो आणवला आणि दिवाणखान्यात ठेवायला लावला. मी चांगलं काम केल्याच्या समाधानात घरी आले, आणि येता येता खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरमध्ये थांबून आरामात कोपी, म्हणजे इथली गोड कॉफी, प्यायले.

त्या वेळी मला आठवायला हवं होतं ते आठवलं नाही. सहा वर्षांपूर्वी पुण्याहून भावाचा फोन आला होता. “बाबांना अ‍ॅडमिट केलंय. सिरियस आहे. तू निघ.” मी निघाले. चांगी विमानतळावर बाबांसाठी मऊ तळव्यांच्या चपला घेतल्या, हॉस्पिटलातली फरशी गार असते म्हणून. विमानात साडेपाच तास मी देवाशी भांडले, नवस बोलले, डॉक्टरांना काय काय विचारायचं त्याची यादी केली. मुंबईला न्यायला आलेला चुलतभाऊ पुण्यापर्यंत ट्रॅफिकबद्दल बोलत राहिला. घराबाहेर चपलांचा ढीग पाहिला तेव्हा मला कळलं. बाबा फोनच्या आधीच गेले होते.

आपल्याकडे असंच सांगतात. गेलेल्या माणसाला सिरियस म्हणायचं आणि परदेशातल्या माणसाला विमानात बसवायचं. सगळे करतात, प्रेमाने करतात. भाऊ म्हणाला, “तू एकटी विमानात, तुला कसं सांगणार?” मी वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाही. साडेपाच तास मी एका गेलेल्या माणसाच्या तब्येतीची काळजी करत होते, आणि हे सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. त्या चपला अजून माझ्या कपाटात डब्यासकट आहेत. आणि हे सगळं भोगलेली मी, बाईंपुढे बसून तेच करून आले होते.

त्या रविवारी मी गेले नाही, माझ्या मुलीच्या कॉलेजात काहीतरी होतं. फोन बाईंच्या मुलाने लावून दिला. पुढच्या शनिवारी गेले तर बाई खुलून बसल्या होत्या.

“मी तिला सांगितलं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, माझ्या वडिलांनी तुझ्या वडिलांना पळ म्हणून सांगितलं होतं. तुझ्या आईसाठी तो थांबला. किती रडली ती. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या वडिलांबद्दल चांगलं ऐकलं.”

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. मी दोन माणसांच्या मध्ये बोललेलं खोटं समुद्र ओलांडून भलतीकडेच गेलं होतं, आणि एका म्हाताऱ्या बाईने ते उराशी धरलं होतं.

“तिला आता फक्त एकच विचारायचं आहे,” बाई पुढे म्हणाल्या. “पुरलं कुठे? चाळीस वर्षं शोधते आहे ती. दोनदा शेतं खणून घेतली. हाडं सापडली तर जुळवून बघायला स्वतःची लाळसुद्धा देऊन ठेवली आहे. मेल्यावर तिला त्याच्या शेजारी जायचंय. वहीत ते नाही ना कुठे?”

“नाही,” मी म्हटलं.

कसं म्हटलं, मला माहीत नाही. पहिलं खोटं मी विचार करून बोलले होते, दुसरं आपोआप आलं. हो म्हणायचं तर पान दाखवावं लागलं असतं, आणि त्या पानावर दाढ होती, सही होती, जिन्यावरच्या सासूबाई होत्या. रविवारी बरं नाही असं कळवलं आणि गेलेच नाही. तिथे बसून तो फोन लावून द्यायची माझी हिंमत नव्हती.

सोमवारी आणि मंगळवारी बँकेत समोरचे कागद मला दिसेनात. एका फाईलवर मी चुकीचा शेरा मारला आणि वरिष्ठांनी सौम्यपणे बोलावून घेतलं. मंगळवारी जेवताना मी मुलीला सगळं सांगितलं. सतरा वर्षांची आहे. मराठी समजते, पण उत्तर तिच्या मनाच्या भाषेत, इथल्या ‘ला’ लावलेल्या इंग्रजीत, येतं.

“आई, धिस इज लायिंग, ला,” ती म्हणाली. “तू पुण्याच्या मामावर एवढी चिडलीस, अँड देन यू डिड द सेम थिंग.”

“त्यांचं वय बघ,” मी म्हटलं. “त्या म्हातारीला हे ऐकवून काय मिळवायचं होतं?”

“वय बघून खोटं बोलायचं? देन वन डे यू विल बी ओल्ड, मी पण तुझ्याशी असंच बोलू?”

मी तिला ताट उचल म्हणून ओरडले. ती ताट उचलून गेली. तिचं बरोबर होतं, आणि राग त्याचाच होता.

बुधवारी ऑफिसातून परस्पर बाईंकडे गेले. त्यांना माझा दिवस नसताना आलेली पाहून आनंद झाला, तो मला सहन झाला नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. मी ते पान वाचलं नव्हतं. मी वाचलं ते मी रचलं होतं. वहीत वेगळं आहे आणि जागाही आहे.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “वही आण. आणि मध्ये थांबू नकोस.”

मी वाचलं. दाढ, हत्यारं, आभार, गरम काही पिऊ नका. यादी, सही, जिना, मागचं दार. वीटभट्टी, बदामाच्या झाडांची तिसरी ओळ. संपलं तेव्हा म्हणाल्या, “पुन्हा.” दुसऱ्यांदा वाचताना जिन्यापाशी त्यांनी हात वर केला.

“आजी मला कडेवर घेऊन गेली होती,” त्या म्हणाल्या. “मला पाहून जावयाचं मन विरघळेल म्हणून. आई सांगायची, दिवसभर तू जिन्यावर भूक भूक म्हणून रडलीस. म्हणजे तो जेवायला गेला तेव्हा मी रडत होते. त्याला ऐकू आलं असणार.”

पहिल्यांदाच त्यांनी वडिलांना ‘तो’ म्हटलं. म्हणजे त्यांची भाषा वेगळी आहे, पण मला तसं ऐकू आलं.

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “मला जपायला तुला कुणी सांगितलं होतं?”

“आमच्याकडे असंच करतात,” मी म्हटलं.

“आमच्याकडेही असंच केलं. आईने केलं, आजीने केलं, भावाने वही लपवून केलं. तुला मी निवडलं ते तू आमच्यातली नव्हतीस म्हणून.” आवाज चढला नव्हता, पण मला कुठे पाहावं कळेना. “आता तीही सोय राहिली नाही.”

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता वृद्धाश्रमात फोन करू. निदान वीटभट्टी सांगू. त्या म्हणाल्या, नाही. जागा सांगायची तर दाढ सांगावी लागेल. आधी दिलेलं सुख परत मागावं लागेल. ते नर्सच्या हातून निरोपाने सांगायचं नाही. “रविवारी ती माझी वाट बघत असते. रविवारी मी स्वतः सांगेन. चार दिवस मला शब्द जुळवू दे.” मी जास्त आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होते?

रविवारी चारला गेले तर त्यांचा मुलगा खाली लिफ्टपाशीच थांबला होता. उंच, वाकलेला, सभ्य माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, “आईची मामेबहीण शुक्रवारी वारली. झोपेतच. मला आज सकाळी कळवलं. आईला आज सांगू नका. तिला सर्दी झालीय, आज बोलता येणार नाही, एवढंच म्हणा. एक-दोन आठवड्यांनी मी हळूहळू सांगेन. या वयात एकदम…”

मी त्याच्याकडे पाहत राहिले. रंग वेगळा, भाषा वेगळी, पण उभा अगदी माझ्या भावासारखा होता, त्याच काळजीने, त्याच खालच्या आवाजात. त्या क्षणी भावाबद्दलचा माझा सहा वर्षांचा राग थोडा उतरला. मला दिसलं, हे बोलताना माणसाला किती त्रास होत असतो. पण मी म्हटलं, “ते मला जमणार नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. तिसरं काही नाही.” तो रागावला, हा आमच्या घरातला प्रश्न आहे म्हणाला, आणि ते खरंही होतं. आम्ही लिफ्टने वर आलो. दाराशी त्याने कुलूप उघडलं आणि मला पुढे जाऊ दिलं.

बाई तयार होऊन बसल्या होत्या. केस विंचरलेले, मांडीवर फोन, फोनखाली वही. वडिलांचा फोटो जागेवर नव्हता. “आलीस,” त्या म्हणाल्या. “लाव. आज पाच वाजेपर्यंत धीर नाही.”

मी खुर्ची ओढून त्यांच्या कडेला बसले, जिथून मी त्यांना दिसते तिथे.

“त्या गेल्या,” मी म्हटलं. “शुक्रवारी. झोपेत.”

मुलगा मागे दारात उभा होता. बाईंनी फोन हळूच उचलून टेबलावर ठेवला, पालथा. हाताला टेबलाची कड सापडायला वेळ लागला.

“तिला कळलं होतं का काही?”

क्षणभर माझ्या जिभेवर आलंच. तिने त्या जागेबद्दल स्वप्न पाहिलं, तिला आतून समजलं असेल, असलं काहीतरी. शब्द तयारच असतात.

“नाही,” मी म्हटलं. “त्यांना तुमच्याकडून मी रचलेलं तेवढंच कळलं होतं.”

“बुधवारी तू मला सांगितलंस. दोन दिवस माझ्याकडे होते.”

“हो.”

“आणि तुझ्याकडे?”

“अकरा,” मी म्हटलं. “त्यात दोन रविवार होते.”

त्यांनी मान हलवली. माफ केल्यासारखी नव्हे, हिशेब बरोबर असल्यासारखी. मग मुलाला म्हणाल्या, त्या पानाचा फोटो काढ आणि मामाची हाडं शोधणाऱ्या माणसांना पाठव. बापलेकीला शेजारी पुरू देत. मुलाने आजोबांचं ते पान तेव्हा पहिल्यांदा वाचलं. तो वाचत होता तोवर आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत नव्हतो. फोटो काढून झाला, त्याने वही माझ्या हातात परत दिली आणि आत निघून गेला.

स्पेनहून अजून काही उत्तर आलेलं नाही. वीटभट्टी आता नाही म्हणतात. बदामाची झाडं असतील का, कुणास ठाऊक.

पाच वाजत आले होते. त्यांच्या फोनची वेळ. बाई म्हणाल्या, “पुढचं पान वाच.”

“आज?”

“त्या दिवशी वही बंद करायला मीच सांगितलं होतं. वाच.”

मी पान उलटलं. तारखेखाली दोनच ओळी होत्या, आणि नजर नेहमीप्रमाणे आधीच तिथवर जाऊन आली. ओठ मिटले. बाईंनी मान तिरकी केली आणि थांबल्या.

मी वाचलं. “दाढ आता अजिबात दुखत नाही. पुष्कळ दिवसांनी शांत झोप लागली.”

“एवढंच आहे?”

“एवढंच आहे.”

“पुन्हा वाच,” त्या म्हणाल्या, आणि मी पुन्हा वाचलं.